आत्याबाईंचा रोजचा प्रश्न

माझ्या सासूबाईंचं माझ्याशी शेवटचं बोलणं म्हणजे एक प्रश्न होता. आवाज पार खोल गेला होता, तरी मी वाकून त्यांची चादर सारखी करत होते तेव्हा त्यांनी विचारलं, "पाठ दुखती का गं?" मी म्हणाले, "नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या. त्याला आता दीड महिना झाला. ते उत्तर खोटं होतं, आणि गेली तीन वर्षं मी ते रोज देत आले होते.

आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. सांगलीजवळच्या आमच्या गावात त्यांचा ऊस होता, दोन म्हशी होत्या, आणि शब्द साऱ्या आळीत चालायचा. मी साताऱ्याची, गावच्या शाळेत मास्तरीण, नवरा फौजेत. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झालं. अडले, म्हणून पूर्ण भूल देऊन सिझर केलं. शुद्धीवर आले तर मुलगा झालेला, पण गप्प. रडायला त्यानं फार वेळ लावला म्हणे, आणि पुढे नुसता झोपून... अंगावर घेतलं तरी ओढायचा नाही. कळल्याबरोबर आत्याबाई एसटीनं साताऱ्याला आल्या आणि दोन दिवस त्याच्या तळव्यांना टिचक्या मारत, कापसाच्या बोळ्यानं दूध पाजत बसल्या. तिसऱ्या दिवशी त्यानं बोंब ठोकली. आज तो वर्गात गप्प बसत नाही, अशी त्याच्या गुरुजींची तक्रार आहे. पण ते दोन दिवस आम्ही दोघीही विसरलो नाही.

दुष्काळानंतरच्या वर्षी दुसऱ्यांदा दिवस भरले, तेव्हा सांगलीच्या दवाखान्यात नाव घातलं होतं. सिझर ठरलेलंच होतं. भूल देणारे डॉक्टर तरुण होते. पहिल्या वेळची हकिगत ऐकून म्हणाले, "आईला पूर्ण झोपवलं की थोडं औषध रक्तातून बाळाकडेही जातं, मग तेही पेंगुळतं. त्यापेक्षा पाठीत इंजेक्शन देऊ. कमरेखालचं बधिर होईल, तुम्ही जाग्या राहाल." पाठीत सुई घेतलेली बाई जन्माची मोडते, हे आमच्या गावात लहान पोरांनाही ठाऊक होतं. आणि नवरा सरहद्दीवर, म्हणजे कागदावर अंगठा आत्याबाईंचा.

"आन् हिची पाठ गेली म्हंजे? तुमी येनार व्हय पानी शेंदाया?"

"चार दिवस दुखेल, आजी. डोकंही दुखेल कदाचित. रक्तदाब उतरतो, ते बाळालाही बरं नाही, म्हणून मी उशाशी बसून तो बघत राहीन."

"पोरगं रडंल नव्हं?"

"बहुतेक लगेच."

"बहुतेक?"

"खात्री मी कशाचीच देत नाही."

आत्याबाई माझ्याकडे वळल्या. "पाठ तुजी हाय. तूच बोल."

"मला रडणं ऐकायचंय," मी म्हणाले.

त्यांनी अंगठा दाबला. "मग टोचा. लय बोलताय."

मला आत नेलं. पोटाशी कुणीतरी गोधडी झटकतंय एवढंच कळत होतं. मग एकदम, चिरक्या आवाजात, रडणं... आणि पाठोपाठ दाराबाहेरून त्याहून मोठ्यानं, "रडलं! रडलं गं बाई!" डॉक्टर हसले. मी सुटकेचा असा श्वास सोडला, की त्यांनी घाईनं पुन्हा माझा रक्तदाब पाहिला. मुलगी होती, टक्क जागी. पुढचा अख्खा दिवस मला डोकं वर करायची बंदी होती. नणंद उशी घेऊन आली तर आत्याबाई खेकसल्या, "उचल ती! डाक्टर न्हाई म्हनलाय." सुईवर विश्वास नव्हता, पण पहारा चोख.

त्यानंतर माझी पाठ गावाची झाली. कुणाची सून सिझरला निघाली की बायका मला वाकताना बघायला येत. संध्याकाळी ओट्यावर बसून आत्याबाई मोठ्यानं विचारत, "पाठ दुखती का गं?" आणि मी घागर ठेवत म्हणे, "नाही." पहिली तीन वर्षं ते खरंच होतं. मग दुखायला लागली. विहिरीचं पाणी शेंदून, असं डॉक्टरांनी बघून सांगितलं. पण हे गावात कोण ऐकणार? 'दुखते' म्हटलं असतं तर पुढच्या बाईनं सुईला पाठ दिली नसती. म्हणून 'नाही'. शेजारच्या तांबोळ्यांची सून मुमताज माझं 'नाही' ऐकूनच सुईला तयार झाली. तिचा मुलगाही जन्मताच रडला.

चौदाव्याला मुमताज येऊन बसली. मी भांडी उचलताना कमरेवर हात ठेवला, तशी ती हळूच म्हणाली, "भाबी, आता म्हना की दुखती. आत्याबाईंनी मला पोर झालं तवाच सांगितलं हुतं. 'सुईनं न्हाई दुखत, पानी शेंदून दुखती,' म्हनल्या. 'पर ती न्हाई म्हनती तर म्हनू दे, चार पोरं रडतील.'"

मी भांडी खाली ठेवली. आत्याबाई रोज संध्याकाळी चुलीत वीट तापवत, फडक्यात गुंडाळत, आपल्या कमरेला लावायची म्हणत. आणि घटकाभरात माझ्या अंथरुणात सरकवत. "घे, ऊन हाय, वाया जाईल." मी समजत होते, मीच लपवतेय...

वीट अजून चुलीपाशीच आहे. काल मी ती उचलायला वाकले, तर मुलीनं अगदी आत्याबाईंच्या सुरात विचारलं, "पाठ दुखती का गं?"

"दुखते," मी म्हणाले. "फडकं आण."