मस्तकसर

स्त्रीने कसं वागावं यावर आमचे मस्तकसर तासभर बोलू शकत. घरातला साखरेचा डबा कुठे असतो, हे मात्र त्यांना बायकोला विचारावं लागे. ते पाळक घडवणाऱ्या सेमिनरीत ईशज्ञान शिकवायचे आणि रविवारी नाना पेठेतल्या आमच्या चर्चमध्ये उपदेश करायचे. विषय कुठलाही असो, गाडी शेवटी ‘नवरा हा घराचं मस्तक’ इथेच येऊन थांबायची. म्हणून आम्ही मुलींनी त्यांना हे नाव ठेवलं.

उपदेश संपला की सर हेल्मेट घालून स्कूटीवर मागे बसायचे. पुढे बाई, म्हणजे त्यांच्या पत्नी. त्या शाळेत गणित शिकवायच्या. एकदा मी धीर करून विचारलं, “सर, मस्तक मागे कसं?”

“मागे बसलं तरी मस्तकच,” सर गंभीरपणे म्हणाले.

“गप्प बसलं तर आणखी बरं,” म्हणत बाईंनी गाडी सुरू केली.

मला हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली आणि घरी पेच पडला. कंपनीची बस परत यायला नऊ वाजणार होते. वडील म्हणाले, “सर सांगतील तसं.” सरांच्या घराचा जिना चढतानाच मी मनातल्या मनात नोकरी सोडून दिली.

सरांच्या बोलण्यात नेहमी तीन मुद्दे असत. स्त्रीचं स्थान घरात, हा पहिला. घर रिकामं तर मन रिकामं, हा दुसरा. तिसऱ्यासाठी त्यांनी घसा साफ केला, तोच कोपऱ्यात वह्या तपासणाऱ्या बाई मान वर न करता म्हणाल्या, “अहो, तुमची डॉक्टरेट चालली होती, तेव्हा पाच वर्षं घर माझ्या नोकरीवर चाललं. तेव्हा कुठला मुद्दा होता?”

सरांनी तिसऱ्या मुद्द्यासाठी वर केलेलं बोट खाली घेतलं. मग वडिलांना म्हणाले, “जाऊ द्या हिला.”

“आणि तिसरा मुद्दा?” बाईंनी विचारलं.

“तो अजून कच्चा आहे.”

सोमवारी मी रुजू झाले.

पुढे माझ्या लग्नानंतर आम्ही सर आणि बाईंना जेवायला बोलावलं. मटणाचा रस्सा माझ्या नवऱ्याने केला होता. सरांनी दोनदा वाढून घेतला. कोणी केला हे कळल्यावर मात्र त्यांनी वाटी खाली ठेवून माझ्या नवऱ्याकडे नीट पाहिलं. निघताना जिन्यात हळूच बाईंना म्हणाले, “मला शिकवशील?” तेव्हा त्यांचं वय बहात्तर होतं.

सर देवाघरी गेल्यावर महिन्याभराने मी बाईंना भेटायला गेले. “सर शिकले का हो रस्सा?” मी विचारलं.

“तीन वर्षं दर रविवारी करायचे,” बाई म्हणाल्या. “मीठ शेवटपर्यंत जमलं नाही. मी कधी बोलले नाही.”