वीस युनिट

दशांश चिन्हाशी माझ्या मैत्रिणीचं जुनं वैर होतं. ग्रॅमचे मिलिग्रॅम करायला घेतले की ते चिन्ह कुठंही जाऊन बसायचं. आमच्या नर्सिंगच्या वर्गात बाकी सगळ्या हिंदी बोलणाऱ्या, मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच, त्यामुळे तिला डोसची गणितं शिकवणं आपसूक माझ्या गळ्यात पडलं. रोज संध्याकाळी मी ब्राह्मणपारा मोहल्ल्यात तिच्या घरी जायचे. तिची आई पोहे द्यायची. "मले काहून जमत नाही गं?" म्हणून ती रडायला लागली की मीच तिचे डोळे पुसायचे. इन्सुलिनचं तर घोकूनच घेतलं होतं : आधी बाटली वाच, मग सिरिंज उचल. मिलीला चाळीस युनिटच्या बाटलीला लाल टोपणाची, शंभरच्या बाटलीला नारिंगी.

वॉर्डात उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका कामगाराची आई दाखल होती. तिला वीस युनिट द्यायचे होते. वॉर्डात नेहमी चाळीसच्याच बाटल्या असायच्या. त्या दिवशी त्या संपल्या आणि मुलानं बाहेरून शंभरची आणली. माझ्या मैत्रिणीनं सवयीनं लाल टोपणाची सिरिंज घेतली, विसाच्या खुणेपर्यंत भरली आणि म्हातारीची बाही वर केली.

मी सिरिंज तिच्या हातातून काढूनच घेतली. "थांब! हे अर्धा मिली झालं. या बाटलीतलं अर्धा मिली म्हणजे पन्नास युनिट. मारून टाकशील तिले!"

शेजारच्या खाटेपाशी उभ्या असलेल्या आमच्या ट्यूटर मॅडम वळल्या. त्यांना मराठी कळत नव्हतं. "क्या हुआ?"

माझ्याशी कधीही हिंदीत न बोललेली ती पोट्टी स्वच्छ हिंदीत म्हणाली, "मॅडम, इसने गलत भर दिया. मैंने तो टोका भी था."

मी "नहीं मॅडम" म्हणाले, पण सिरिंज माझ्या हातात होती. मॅडमनी सगळ्यांसमोर मला झाडलं. मी मैत्रिणीकडे पाहिलं. ती बाटलीवरचं लेबल वाचत होती. आत्ता! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथं चोराला मीच घरी जाऊन गणित शिकवलं होतं. केसानं गळा कापला तिनं. इतका संताप आला की रडूसुद्धा येईना.

दुसऱ्या दिवशी त्याच खाटेवर माझी पाळी होती. नारिंगी टोपणाची सिरिंज घेऊन मी वीस युनिट भरले. मॅडमनी तपासून मान डोलावली. मी खाटेजवळ गेले, तर म्हातारीनं हात चादरीखाली ओढून घेतला. आमचं मराठी तिला कळलं नव्हतं, हिंदी तेवढं कळलं होतं.

"तैं झन लगा, नोनी," ती म्हणाली. तू नको टोचूस, पोरी. "जेन हा मोला बचाइस, ओला भेज." जिनं मला वाचवलं, तिला पाठव.

मॅडमनी माझ्या मैत्रिणीला बोलावलं. मी भरलेली सिरिंज मी तिच्या हातात दिली. तिनं माझ्याकडे न बघता ती घेतली आणि सुई टोचली. म्हातारीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला.