पंचायतीत बसलेला राजरत्न

राजरत्नला चालता येतं. चालता काय, पळताही येतं; दावं तोडून निघालेलं वासरू तो पार डिंगोऱ्याच्या रस्त्यापर्यंत पाठलाग करून धरून आणतो. तरी गेल्या मार्चमध्ये ग्रामपंचायतीनं त्याला व्हीलचेअर दिली. उत्पन्नातला पाच टक्के वाटा दिव्यांगांवर खर्च करणं पंचायतीला भाग असतं, आणि मार्च आला की पंचायतीला दिव्यांग आठवतात. सरपंच गेणभाऊंनी राजरत्नला खुर्चीत बसवून फोटो काढला. फोटो झाल्यावर राजरत्न उठला आणि खुर्ची ढकलत घरी घेऊन आला. आता तिच्यावर ठेवून तो पाण्याचे कॅन आणतो.

त्याची आई इंद्रायणीबाई तेव्हापासून धुमसत होती. पोरगा बावीस वर्षांचा, पण समज लहान मुलाची. अठरा पूर्ण झाल्यावर आळेफाट्याकडच्या खास शाळेनं हात जोडले. अनुदान त्या वयापर्यंतच, म्हणाले. नवरा कधीच वारलेला. त्यामुळे टोमॅटो तोडायला जाताना ती राजरत्नला घरात ठेवून बाहेरून कडी लावायची. संध्याकाळी दार उघडताना त्याच्या डोळ्यांत बघायची तिला लाज वाटायची.

यंदाच्या ग्रामसभेत ती उभी राहिली. "आमाला वस्तू नको. जुन्या बालवाडीची खोली पडून हाय. तिथं एक बाई ठेवा, दिवसभर आमची पोरं सांभाळंल, कायतरी शिकवंल."

ग्रामसेवक अमृत तसा पोरगा वाईट नव्हता. तो म्हणाला, "मावशी, आराखड्यात वस्तूवाटप धरलंय. बाईचा पगार त्यात बसत नाही."

"आराखडा कुणी केला?"

"ग्रामसभेनं. म्हणजे आपणच."

"मला कुणी इचारलं न्हाई ते."

सभेत खसखस पिकली. गेणभाऊ समजुतीच्या सुरात म्हणाले, "वयनी, पुढच्या साली बघू."

हे पुढचं साल राजरत्नची शाळा सुटल्यापासून ती ऐकत आली होती. ती खाली बसली.

दुसऱ्या दिवशी तिनं राजरत्नला आंघोळ घातली, धुतलेला शर्ट चढवला, डबा हातात दिला आणि पंचायतीच्या कचेरीत अमृतच्या समोर नेऊन बसवलं. राजरत्न खूश. येणाऱ्याजाणाऱ्याला खणखणीत 'जय भीम' घालू लागला.

"मावशी, हे ऑफिस आहे," अमृत गडबडला. "हा कुठं निघून गेला तर जबाबदार कोण?"

"आजवर मी त्याला कोंडत व्हते, भाऊसाहेब. तवा असं कुणी इचारलं न्हाई. आता तुमाला काळजी पडली ना? मग बालवाडी उघडा."

आणि ती कामावर निघून गेली. दिवसभर जीव थाऱ्यावर नव्हता, पण परत आली तेव्हा राजरत्न जागेवर होता आणि अमृत त्याला चहा पाजत होता.

ही बातमी डोंगराकडच्या वाडीत पोचायला वेळ लागला नाही. पुढच्या सकाळी राजरत्न पुन्हा कचेरीत येऊन बसला, तेवढ्यात साळुबाई आपल्या वैष्णवीला घेऊन आली. वैष्णवी बोलत नाही, फक्त हसते. तिच्या मागून आणखी एक आई आपलं पोर घेऊन आली. कचेरीतल्या खुर्च्या भरल्या आणि दाखले न्यायला आलेली माणसं दारात उभी राहून बघू लागली.

दुपारी गेणभाऊ मोटारसायकलवरून थेट टोमॅटोच्या वावरात आले. "वयनी, हे बरं दिसत न्हाई. लोक बघायला लागलेत."

इंद्रायणीबाईनं हातातलं क्रेट खाली ठेवलं.

"बघू द्या की. आजवर ही पोरं कुणाला दिसतच नव्हती."