न पाहिलेला आकडा

खांद्यावरच्या पिशवीतून ते आधी एक फडकं काढायचे. त्यानं विजेच्या मीटरची काच पुसायची, मग त्याच फडक्यानं स्वतःच्या चष्म्याच्या काचा, आणि मग टाचा उंचावून आकडा वाचायचा. तेवढ्यात घाई करून कोणी विचारलंच, तर उत्तर ठरलेलं असे. "पाहू तं द्या. पाह्यल्याबिगर मी लिवत नसतो."

तुमच्याही गावात असा एखादा मीटर वाचणारा येऊन गेला असेल. आमचे बुटके होते, आणि लोकांनी मीटर नेमके उंचावर बसवलेले. पण स्टूल कधी मागितलं नाही.

एकोणीसशे पंच्याहत्तरच्या आसपासची गोष्ट. मी मेडशीच्या दवाखान्यात नर्स होते. एका शेतकऱ्याच्या घरामागची खोली भाड्यानं घेतली होती, आणि तिथलं मीटर माझ्या नावावर होतं. गावात वीज नवी होती. शेजारच्या आजींना त्या फिरणाऱ्या चकतीचा भारी संशय. "आमी वावरात गेल्यावर हे कायले फिरते?" असं त्यांनी एकदा विचारलं. दुसऱ्या कोणी हसून सोडून दिलं असतं. हे गृहस्थ अर्धा तास तिथे बसले. घरातला एकेक दिवा आजींकडूनच बंद करवला आणि चकती थांबलेली त्यांना दाखवली. "पाह्यलं? आता थांबली नं? तुमी लावाल तवाच फिरते."

माझी बदली केनवडला झाली तेव्हा वीज बंद करण्याचा अर्ज मी त्यांच्याच हातात दिला. त्या दिवशी त्यांची दाढी वाढलेली होती. त्यांच्या बायकोच्या पोटात गाठ निघाली होती. तिला अकोल्याला न्या, म्हणून चिठ्ठी मीच लिहून दिली होती. "वहिनी कशा आहेत?" मी विचारलं. त्यांनी अर्ज घडी करून पिशवीत टाकला. "अर्ज देतो कचेरीत," म्हणाले आणि निघून गेले.

सातआठ महिन्यांनी मेडशीच्या घरमालकांनी माझ्या नावचं बिल पाठवलं. खोलीला मी सोडल्यापासून कुलूप, आत तुरीची पोती. आणि बिल मात्र वाढतच गेलेलं. ते भरल्याशिवाय केनवडच्या घरात वीज मिळणार नव्हती. माझी आई कंदिलाच्या उजेडात स्वयंपाक करत होती. मी एसटीनं वीज कचेरी गाठली आणि तक्रार दिली. तिथल्या तरुण साहेबांनी खोली उघडून मीटर पाहायला माणूस धाडला आणि मला आठ दिवसांनी बोलावलं.

मी निर्धास्त गेले. साहेबांनी बसायलाही सांगितलं नाही.

"बाई, बिलात आकडा जास्त आहे आणि मीटरवर कमी. मीटर मागे कसं गेलं? कोणीतरी हात लावलाय. हे चोरीचं प्रकरण होतं."

सरकारी नोकरी, वर चोरीचा डाग.

कोपऱ्यातल्या बाकावरून आमचे मीटर वाचणारे उठले. मी आत आले तेव्हा माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नव्हतं.

"साहेब, मीटर खरं हाये. आकडा मी घरी बसून लिवला."

साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"बायको दवाखान्यात होती. मीटर पाहाच्या तीन पाळ्या मी मेडशीले गेलोच नाही, अंदाजानं लिवलं. बाकीच्या घराइचं मागून बरोबर झालं. बाईच्या खोलीले कुलूप, मंग मी तसंच पुढं लिवत गेलो." त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. घड्यांवर फाटत आलेला माझा अर्ज. "हा बी माह्यापाशीच राह्यला."

"हे लिहून द्याल? नोकरीवर येऊ शकतं."

"आणा कागद."

त्यांनी उभ्यानंच लिहिलं. साहेबांनी ते दोनदा वाचलं, मग माझ्या बिलावर लाल शाईची तिरपी रेघ ओढली. पुढे मीटर वाचणाऱ्यांची एक वेतनवाढ थांबली. नोकरी राहिली.

बाहेर आल्यावर स्टँडवर आम्ही चहा घेतला. सुटल्याचा आनंद होता आणि रागही होता. "मला आधी का नाही सांगितलंत?"

"भेव वाटलं, बाई. रोज म्हनो, उद्या सांगतो." बशीतला चहा त्यांनी संपवला. "काल घरी सांगतलं. तं बायको म्हने, जिनं मले अकोल्याले धाडलं, तिलेच चोर करता काय?"

"म्हणजे वहिनी बऱ्या आहेत?"

"आता तं मलेच रागावून राह्यली." आणि ते हसले.

माझा राग तिथेच संपला.

केनवडच्या घरात पंधरा दिवसांत दिवा लागला. पुढे त्यांची बदली झाल्याचं कळलं. कुठे, ते कोणाला सांगता आलं नाही. पुन्हा भेट झाली नाही. मला आठवते ती त्या दिवशीची त्यांची गाडी. मीटर वाचायला ते मेडशीलाच निघाले होते, आणि मेडशीची एसटी आधी लागली. ते खिडकीशी बसले, आणि गाडी हलायच्या आतच मान एका बाजूला टाकून गाढ झोपले. मी कंडक्टरला हाक मारून सांगितलं, "त्यांना मेडशीला उठवा. तोवर झोपू द्या."