डॉक्टरीणबाईंच्या गाडीचे शॉकअप

नागपुरात जरीपटक्याला माझं आणि वामनराव मिस्त्रींचं गॅरेज होतं. तिथला एक किस्सा सांगायला घेतला की मागून चार येतात. आज एकाच गाडीचे सांगतो.

गाडी काटोलच्या डॉक्टरीणबाईंची. साल बहात्तर-त्र्याहत्तर, गोल मडगार्डची जुनी विलायती मोटार. बाई ती स्वतः चालवत खेड्यापाड्यांत बाळंतपणं करायला जायच्या. वामनरावांनी मडगार्ड दाबून सोडलं, तर गाडी वर-खाली, वर-खाली, थांबेचना.

"बाई, शॉकअप पार मेले. गाडी नाही, वरातीतली घोडी होय हे."

"म्हणून तर आले. माझे पेशंट वरातीला नाही निघत, वामनराव."

* * *

नवे शॉकअप मुंबईहून पार्सलनं आले. हवे तसे कडक-नरम करता येणारे! असलं आम्ही कधी पाहिलंच नव्हतं. सोबतचा कागद इंग्रजीत. शेवटी बाईंनीच चष्मा लावला आणि वाचून मराठीत सांगू लागल्या, "पूर्ण आत दाबा. आता हळूहळू फिरवा. अडलं तर जोर करू नका, थोडं थांबा."

वामनरावांचा हात थांबला. "बाई, कागद शॉकअपचाच होय ना?"

* * *

ब्रॅकेट घडवून ते शॉकअप बसवायला दोन दिवस गेले. कडक म्हणजे मजबूत, असं समजून वामनरावांनी चारही अगदी कडक केले. बाई गाडी घेऊन गेल्या आणि तिसऱ्या दिवशी परत. गाडीतून खाली उतरल्याच नाहीत. "वामनराव, शेजारी बसा."

रेल्वे फाटकावरून एक चक्कर झाली. वामनराव टोपी हातात घेऊन, डोकं चोळत उतरले.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. जॅक आण. चारही काढून राहिलो."

* * *

मग रोज तेच. काढा, दाबा, अर्धा फेरा फिरवा, पुन्हा बसवा. वामनराव मागच्या सीटवर ताकानं काठोकाठ भरलेला गंज, म्हणजे पातेलं, मांडीवर घेऊन बसत आणि मी हुडकेश्वरच्या कच्च्या रस्त्यानं गाडी नेई. पहिल्या दिवशी ते ताकानं न्हाले. दुसऱ्या दिवशी अर्धे. तिसऱ्या दिवशी गंज भरलेला परत आला, तो त्यांनी उभ्या उभ्या पिऊन टाकला!

घरी त्यांची बायको म्हणाली, "गाडी जमली वाटते जी. आज कपडे कोरडे दिसून राहिले."

* * *

गाडी पोचवायला मी काटोलला गेलो, तर बाई दवाखान्याच्या पायरीवरच उभ्या. आत एका खेड्यातली पोर अडली होती. मूल आडवं.

"हिला आत्ताच्या आत्ता नागपूरला न्यायचंय. तू चालव, मी मागे तिच्याजवळ बसते."

पोरीची सासू माझ्या शेजारी बसली. म्हातारी जन्मात कधी मोटारीत बसली नव्हती. बसल्याबरोबर तिनं डोळे मिटले, पदर तोंडावर ओढला आणि देवाचं नाव घेऊ लागली.

रस्ता सगळा खड्ड्यांचा. चाक खाली जाई, गाडी एकदाच वाकून सावरे. मागून बाई एवढंच म्हणत, "चालू दे." मला आमच्या कामाचा असा अभिमान वाटत होता की सांगता सोय नाही.

वेळेत पोचलो. पुढे ऑपरेशन झालं, मायलेकरं सुखरूप घरी गेली. पण मला आठवतं ते त्या मोठ्या दवाखान्याच्या दारातलं. मी इंजिन बंद केलं. म्हातारीनं पदर न काढताच विचारलं,

"थांबला काहून गा? अजून काटोलच्या बाहेर तर निंगू दे."