तिसरं काडतूस

माझ्या भाऊजींची पोलादपूरच्या बाजारपेठेत सोन्याचांदीची पेढी होती. एका श्रावणात, भर दुपारी, पैंजण बघायला आलेल्या दोघांनी त्यांच्या मानेला कोयता लावला. पैंजण, चार अंगठ्या आणि देवापुढचं चांदीचं निरांजन घेऊन ते गेले. मानेवर ओरखडाही नव्हता. पण त्यानंतर भाऊजींना दुकानात बसता येईना. दारात कोणी उभं राहिलं की त्यांचा हात आपोआप मानेकडे जायचा. माझ्या ताईने त्यांच्याशेजारी खुर्ची टाकून पाहिली, कॅमेरे लावून पाहिले. शेवटी भाऊजींनी ठरवलं, पिस्तूल मिळालं तर दुकान चालवायचं, नाहीतर बंद करायचं.

परवाना आला तेव्हा व्यापारी मंडळाने त्यांचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, तीन भाषणं. मी बऱ्याच निरर्थक सत्कारांना हजर राहिलो आहे, त्यात माझ्या निवृत्तीचाही आला. पण एक माणूस घाबरलेला आहे हे सरकारने लेखी मान्य केलं म्हणून सत्कार, हा प्रकार नवीन होता. अध्यक्ष गरजले, "आता आपल्या पेठेकडे वाकड्या नजरेनं बघायची कोणाची टाप नाही!" पिस्तूल अजून विकतही घेतलं नव्हतं. शालीखाली भाऊजी घामाने निथळत होते.

वीर स्टेशनवरून गाडी पकडून आम्ही दोघं मुंबईच्या विक्रेत्याकडे गेलो. पिस्तूल तळहाताएवढं, बत्तीस बोरचं. सोबत दोन मॅगझिन, म्हणजे मुठीत सरकवायच्या काडतुसांच्या डब्या. एक रंगीत पत्रक होतं, त्यावर कोटातला एक माणूस डोंगराकडे बघत होता आणि खाली लिहिलं होतं, 'विश्वासाचा सोबती'. मी मात्र आधी तपासणी प्रमाणपत्र काढलं. महाडच्या औद्योगिक वसाहतीत, कपड्याचे रंग बनवणाऱ्या कारखान्यात, मी सव्वीस वर्षं दर्जा तपासणीत काढली. सही बघितल्यावर ती कशी केली असेल हे मला कळतं. ही जेवणानंतर एका बैठकीत, गठ्ठा पुढे ओढून केलेली सही होती. मी ते घडी करून पुन्हा खोक्यात ठेवलं. भाऊजी त्या दिवशी फार दिवसांनी हसत होते.

दसऱ्याला पाटावर तराजू, कसोटीचा दगड, छोटी हातोडी आणि यंदा पिस्तूल. घरात पोरंबाळं आहेत म्हणून भाऊजींनी मॅगझिन काढून, रिकामं करून, तराजूला टेकवून उभं ठेवलं, तोंड वर करून. ताईने मनोभावे सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. सुरक्षिततेचा नियम पाळल्यामुळेच कुंकू थेट आत गेलं, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

विक्रेत्याने सरावासाठी दारू नसलेली काडतुसं दिली होती. दुसऱ्या दिवशी भाऊजींनी तीन भरली. पिस्तुलाची वरची पट्टी, तिला स्लाइड म्हणतात, मागे ओढून सोडली की एक काडतूस वर येऊन नळीत जायला हवं. पहिलं गेलं. दुसरं गेलं. तिसरं अर्ध्यात नाक वर करून तिरकं अडकलं. पाच वेळा केलं, चार वेळा तसंच.

पुन्हा मुंबई. विक्रेत्याने मॅगझिन उलटं करून झटकलं. काचेवर तांदळाचे तीन दाणे पडले.

"हे काय, काका? पूजा केलीत?"

"दसरा होता," भाऊजी म्हणाले.

"मग देवालाच दाखवायचं ना, माझ्याकडे कशाला आणलंत?"

त्याने ते धुऊन, पुसून, वाळवून पुन्हा भरलं. तिसरं अडकलं. मग दुसरं मॅगझिन घेतलं, ज्याने कुंकू पाहिलंही नव्हतं. तिथेही तिसरंच अडकलं. "हं," म्हणून त्याने तक्रारीच्या कागदावर लिहिलं, 'मॅगझिनमध्ये बाह्य पदार्थ आढळला.'

ते चार शब्द कंपनीने पुढे दोन वर्षं पुरवून वापरले. तिसरं मॅगझिन आलं, ते मुठीतून आपोआप खाली गळायचं. ते परत केलं, बदली चौथं आलं. त्यात कधी तिसरं काडतूस अडकायचं, कधी दुसरं. प्रत्येक उत्तराची सुरुवात बाह्य पदार्थापासून व्हायची. पत्रं मी लिहीत होतो. जुन्या कारखान्यातून व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायची सरकती पट्टी, मागून आणला आणि प्रत्येक मॅगझिनच्या तोंडाच्या दोन्ही कडा मोजल्या. काडतुसाला वरून धरून ठेवतात त्या या कडा. डावी-उजवी सारखी नव्हती. तेवढंच असतं तरी मला वाईट वाटलं नसतं. सगळ्या नगांत एकच चूक असेल तर यंत्र एका जागी बिघडलेलं असतं, ते दुरुस्त होतं. इथे प्रत्येक नगाची चूक निराळी होती. म्हणजे कोणी मोजतच नव्हतं. मी आकड्यांचा तक्ता करून पाठवला.

उत्तर आलं. ताईच्या घरी झोपाळ्यावर बसून मी ते मोठ्याने वाचलं. "आपल्या तक्रारीची गांभीर्याने दखल घेण्यात आली आहे. नमुन्याची तपासणी केली असता उत्पादन विहित मर्यादेत असल्याचे आढळले. हाताळणी व साठवण योग्य असल्याची कृपया खात्री करावी." पहिल्या वाक्यानंतर मला कागदाकडे बघायची गरज पडली नाही. हे पत्र मला पाठ होतं. साड्या रंगवणाऱ्या गिऱ्हाइकांना मी ते वर्षानुवर्षं पाठवलं होतं. कुंकवाच्या जागी आमच्याकडे ओल असायची. तुमच्या गोदामात ओल असावी, असं मी राजस्थानातल्या माणसालाही कळवलं आहे. त्याच्या नमुन्याची बाटली मी उघडलीही नव्हती.

"पुढं काय लिवलंय?" भाऊजींनी विचारलं. चेष्टेत ते गावचं बोलायचे.

"आपला विश्वासू," मी म्हणालो.

तोपर्यंत त्यांनी स्वतःचा एक नियम करून घेतला होता. सकाळी दहाला मागच्या दाराने दुकानात जायचं, तीन सरावाची काडतुसं भरायची, तीनदा स्लाइड ओढायची. तिन्ही वर आली तर शटर उघडायचं. एक जरी अडकलं तरी त्या दिवशी दुकान बंद. मी एकदा म्हणालो, की सकाळी चाललेलं दुपारी अडकू शकतं. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी तो विषय पुन्हा काढला नाही. आठवड्यातून दोन दिवस दुकान उघडू लागलं. समोरचा चहावाला दहा वाजून गेले की गिऱ्हाइकांना सांगायचा, "आज अडकलं वाटतं. उद्या बघा."

एकदा मी तिथे असताना आंबेनळीकडच्या वाडीवरची एक म्हातारी एसटीने आली होती. नातीच्या लग्नाच्या मंगळसूत्राची वाटी निखळलेली, ती फडक्यात बांधून आणलेली. बंद शटरसमोर पायरीवर बसून होती. ताई डबा घेऊन आली तशी म्हणाली, "आज पन बंद हाय का गो?"

"हो आजी. बरं नाहीये त्यांना."

"मंगळवारी पन बरं नव्हतं. वाटी नाय जोडली तर पोरीनं काय घालावं गो गल्यात?"

ताईने मागच्या दाराकडे बघितलं. आत भाऊजी होते, त्यांना सगळं ऐकू जात होतं. म्हातारीने फडकं पुन्हा कनवटीला खोचलं आणि महाडच्या सोनाराकडे जायला गाडीची वेळ विचारली.

गेल्या माघात आणखी एक मॅगझिन आलं, कंपनीच्या शब्दांत 'सद्भावनेपोटी, शेवटचे'. ताईने ते भाऊजींच्या हाती पडण्याआधी माझ्याकडे आणलं.

"तू मोज. आणि त्यांना सांग चांगलं आहे म्हणून."

"मोजल्याशिवाय कसं सांगू?"

"मोज की. पण सांग." मग हळूच म्हणाली, "आता गिऱ्हाईक विचारायलाही येत नाही रे. ते दुकानात नाही बसले, तर बसणार कुठे? माझ्या समोर, दिवसभर?"

मी मोजलं. पहिल्या मॅगझिनची चूक जशीच्या तशी होती. सगळ्यांत दोनच नग जुळले, तेही चुकीत. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात भाऊजी गल्ल्यामागे बसले होते. मी मॅगझिन त्यांच्यापुढे ठेवलं आणि म्हणालो, "मापात आहे."

"नक्की?"

"स्वतः मोजलंय."

त्यांना मी तपासनीस म्हणून नेहमीच मोठा वाटत आलो होतो. त्यांनी काडतुसं भरलीच नाहीत. उठून शटरला हात घातला, ते गुडघ्यापर्यंत उचललं. बाहेरचा उजेड फरशीवर आला. मग थांबले, परत आले, "सवय आहे हो," म्हणाले आणि तीन काडतुसं भरली.

एक. दोन. तिसरं नाक वर करून उभं राहिलं.

ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी काडतूस नखाने मोकळं केलं, फडक्याने पुसलं, खोक्यात ठेवलं. मग म्हणाले, "म्हणजे मेव्हणे, तुमच्याकडूनही तेच पत्र आलं म्हणा की."

शटर त्यांनी पायाने खाली दाबलं.

त्या जागेत आता केकचं दुकान आहे. पिस्तूल कोणी विकत घेत नाही. निवडणूक लागली की ते पोलीस ठाण्यात जमा होतं आणि पावतीवर दर वेळी 'चालू स्थितीत' असं लिहून मिळतं. भाऊजी घरी झोपाळ्यावर बसतात. सकाळी दहाला तीन काडतुसं भरतात, तीनदा ओढतात. परवा मी गेलो तेव्हा तिन्ही वर आली. त्यांनी स्वयंपाकघराकडे वळून सांगितलं, "आज उघडलं असतं गं दुकान."

ताईने आत कुकरचं झाकण लावलं. माझ्याकडे दोघांपैकी कोणी बघितलं नाही.