बावीस मजल्यांचं गाऱ्हाणं

वास्कोच्या बाजारात सात मजल्यांची एक जुनी इमारत होती. तिच्या लिफ्टशेजारच्या बोर्डावर कंपन्यांची नावं लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं. काळी पाटी, पांढरा ऑइलपेंट, मजल्यानुसार नावं. शिपिंग एजंट, खनिजाचे निर्यातदार, बार्जवाले, विमावाले. डिचोलीकडच्या खाणी जोरात होत्या तेव्हा मला ब्रश धुवायलाही सवड नसायची. नवा भाडेकरू आला की आधी बोर्डावर नाव, मग टेबल-खुर्च्या. माझं अक्षर चांगलं होतं, आणि ते चांगलं आहे हे मला जरा जास्तच माहीत होतं.

खाणी बंद पडल्या आणि माझ्या हातात ब्रशापेक्षा टर्पेंटाइनची चिंधी जास्त येऊ लागली. सातवा मजला पुसला. मग सहाव्यावरचे दोघे गेले. पुसलेल्या नावाच्या जागी काळा रंग मारला तरी जुनी अक्षरं तिरक्या उजेडात दिसायची. ती झाकायला मी दोन-दोन हात मारायचो. इमारतीत कोण उरलंय हे मालकाच्या आधी मला कळायचं.

त्याच इमारतीत जिन्याखाली माझ्या थोरल्या बहिणीचं कँटीन होतं. आम्ही पेडण्याकडचे. आक्काला डिचोलीजवळच्या पाळी गावात दिली होती. भावोजी खनिजाचा ट्रक चालवायचे. खाणी थांबल्यावर ट्रक घराशेजारी ताडपत्रीखाली गेला आणि भावोजी बाल्कांवात, पुढच्या ओट्यावर, बसले ते बसलेच. आक्का महिनाभर त्यांच्याकडे बघत राहिली, मग पिशवी भरून माझ्याकडे वास्कोला आली. जुन्या मालकाने तिला जिन्याखालची जागा दिली ती तोंडी. माझ्या रंगाच्या डब्यांची खोलीही तशीच तोंडी दिलेली. आक्का पहाटे पोदेराकडून पाव आणायची, दहापर्यंत तिची पातळ भाजी संपलेली असायची. उरलेले बार्जवाले उपाशीपोटी तिच्याकडे यायचे आणि शिपिंगवाले साहेब शिपायाला पाठवायचे. शनिवारी संध्याकाळच्या बसने ती पाळीला जायची, सोमवारी सकाळी परत. भावोजींची औषधं आणि घरातली चूल त्या कँटीनवर चालायची. ती जागा गेली असती तर तिच्यापाशी दुसरं काहीही नव्हतं.

मग मालक वारला, मुलांनी इमारत विकली आणि बाहेरची एक कंपनी आली. जुनी पाडून त्या जागी बावीस मजल्यांचा ऑफिस टॉवर बांधायचा, असं ठरलं. सगळा काचेचा. त्याचं चित्र लिफ्टजवळ, माझ्या बोर्डाच्या शेजारी लावलं. चित्रात खाली हिरवळ, टायवाली माणसं आणि वास्कोत मी कधी न पाहिलेली झाडं होती. कंपनीचा मॅनेजर चाळिशीचा, मराठी बोलणारा, बोलायला गोड. तो आक्काकडे रोज चहा प्यायचा आणि चहाचा रिकामा कोप स्वतः उचलून ठेवायचा.

खालच्या मजल्यावरचे आम्ही पंधरा-वीसजण होतो. टायपिंगवाला, झेरॉक्सवाला, पानवाला, शिपाई, ड्रायव्हर, बहुतेक पेडण्याचे नाहीतर सावंतवाडी-दोडामार्गाकडचे. वरच्या मजल्यांवरच्या कंपन्यांकडे वकील होते. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत होतो. एका दुपारी टायपिंगवाल्याने सगळ्यांसमोर मला विचारलं, "तुया बोर्ड लिहितंस. तुकाच म्हायती. बावीस माळ्ये भरतले काय रे?"

खरं उत्तर मला ठाऊक होतं. सात भरत नव्हते तिथे बावीस कुठून भरणार. राहिलेल्यांतले दोघे मोप्याचा विमानतळ झाल्यावर तिकडे ऑफिस हलवायच्या गोष्टी आक्काच्या टेबलावर बसून करत होते. पण आदल्याच दिवशी मॅनेजर मला म्हणाला होता, नव्या इमारतीचा बोर्ड तुमच्याच हातचा हवा, पितळी अक्षरं, बावीस मजल्यांची. त्या रात्री मी अक्षराचं वळण मनातल्या मनात गिरवत झोपलो होतो. मी टायपिंगवाल्याला सांगितलं, "भरतले. न भरूक काय झाला?" माणसाला हुशार समजून विचारलं की तो हुशारासारखं बोलतो. मी तसा बोललो, आणि सगळ्यांचे चेहरे सैल झाले.

तरी लोकांची एक अट होती. कंपाउंडच्या कोपऱ्यात राखणदाराचा, त्या जागेच्या देवाचा, दगड होता. दरवर्षी आम्ही तिथे रोट, विडी आणि घोटभर सोरो, म्हणजे दारू, ठेवून त्याची राखण द्यायचो. त्याला विचारल्याशिवाय इमारतीला हात लावायचा नाही, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. मॅनेजर लगेच तयार झाला. गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला साकडं, कोण घालणार, हा प्रश्नच नव्हता. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराण्याकडे आहे, आणि इथेही दरवर्षी ते मीच घालत होतो.

रविवारी सकाळी सगळे जमलो. मी नारळ दगडापुढे ठेवला, मॅनेजरला त्याला हात लावायला सांगितलं आणि सुरुवात केली. "बा देवा राखणदारा, आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे येऊन उभी रवली असत. ह्यी वास्तू मोडूची असा, ती सुखरूप मोडू दी. नवी उभी रवताना खंयच्याय कामगाराच्या केसाक धक्को लागू नये, रे म्हाराजा." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." समोर आक्का डोक्यावर पदर घेऊन उभी होती. तिच्याकडे बघून माझ्या तोंडात पुढची ओळ आपसूक आली. "आनी ह्या जिन्याखाली बसान जिणां आमच्या तोंडात घास घातल्यान, तिका नव्या घरात परत तिच्या जाग्यार हाडून बसय, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. मॅनेजरही म्हणाला. मी ऐकलं. हात नारळावर, डोळे मिटलेले.

पुढच्या आठवड्यात मॅनेजरने ऑफिसात टेबल टाकलं. ज्याला कागद हवा त्याला करारपत्र द्यायचं होतं, शिक्क्यासकट. नवी इमारत झाल्यावर अमुक इतकी जागा. मी दुसऱ्याच दिवशी जाऊन माझं घेतलं. आक्काला म्हटलं, तूही घे. ती पोळ्यांचं पीठ मळत होती.

"माका कित्याक कागद? तेणां नारळाक हात लावून व्हय म्हटल्यान मरे."

"तरी घे. कागद आपल्याकडे असलेलो बरो."

"तुया गाऱ्हाणां घातलंस, मी आयकलंय. देवाच्या म्होरां झाला ता. आता तेच्याकडे कागद मागूचो म्हणजे तेका खोटो म्हणूचा." मग तिने माझ्याकडे नीट बघितलं. "तुया घेतलंस?"

"नाय," मी म्हटलं.

का तसं म्हटलं ते आजही नीट सांगता येत नाही. माझ्याच गाऱ्हाण्यावर माझाच विश्वास नाही हे तिला कळू नये म्हणून असेल. आमच्या माणसांत गाऱ्हाण्यात दिलेला शब्द कोर्टाच्या शिक्क्याहून मोठा. जमिनीचे तंटे त्याच्यावर मिटलेत, लग्नं ठरलीत. आक्काच्या दृष्टीने करार झाला होता, साक्षीला पंधरा-वीस माणसं होती आणि करार वाचून दाखवणारा मी होतो. मी बळेच तिचा हात धरून तिला टेबलाशी न्यायला हवं होतं. मी बोर्डाच्या अक्षरांचे नमुने काढत बसलो. शनिवारी तिने कँटीन झाडून-पुसून मॅनेजरच्या हातात किल्ली दिली आणि वर त्याला चहा पाजला.

इमारत पाडायला तीन महिने लागले. माझा बोर्ड कुठे गेला ते विचारायलाही मी गेलो नाही. मग खड्डा खणला. पत्र्यांचं कुंपण झालं, त्यावर ते हिरवळीचं चित्र मोठं करून लावलं. पहिल्या पावसाळ्यानंतर कळलं की वरचे मजले कोणी घेत नाही. बावीसचे बारा होणार. पुढे बाराही अडले. मोप्याच्या वाटेवर नवी ऑफिसं उघडली, आमच्या जुन्या बोर्डावरची दोन नावं मला तिथे एका काचेवर दिसली, छापील, स्टिकरची. खड्ड्यात पाणी साचलं. आधी पंप लावायचे, मग पंपही नेला. आता तिथे बेडूक ओरडतात आणि चित्रातली हिरवळ उन्हाने निळी पडली आहे.

आक्का पाळीला परत गेली. कुणाच्या बागायतीत जाते, बारशा-मुंजीला पोळ्या करून देते. फोनवर तिचा एकच प्रश्न असतो, "काम सुरू झाला?" ती हे तक्रारीने विचारत नाही. उशिरा येणाऱ्या बसची चौकशी करावी तसं विचारते.

यंदा मला पत्र आलं. कंपनी टॉवरऐवजी चार मजल्यांचं काहीतरी बांधणार आहे, जुन्या लोकांना त्यात जागा नक्की करून द्यायची आहे, करारपत्र घेऊन या. मी मूर्ख, फोनवर आक्काला बोलून गेलो. ती दुसऱ्या दिवशी सकाळी चांगलं लुगडं नेसून वास्कोला हजर. आता कागदाचं खोटं उघडं पडणार होतं. तिला म्हटलं, कागद माझ्याकडेही नाही, पत्र चुकून आलंय. तिने ते खरं मानलं.

सभा एका हॉटेलच्या हॉलमध्ये होती. दारावरच्या माणसाच्या हातात यादी होती. माझं नाव निघालं, तिचं निघालं नाही. "तुया जा," ती म्हणाली, "आणि तेका भायर येवूक सांग. माका बघल्यार वळखतलो."

मॅनेजर तोच होता. केस पिकले होते. मी त्याला कोपऱ्यात घेऊन आक्काचं सांगितलं. नारळाची आणि त्याच्या शब्दाची आठवण करून दिली. तो खरंच गोंधळला. म्हणाला, "अहो, सगळे म्हणाले म्हणून मीही म्हणालो. आरतीत म्हणतो तसं. ते वचन असतं हे मला कुणी सांगितलं नाही." तो खोटं बोलत असता तर मला बरं वाटलं असतं. त्याला सांगायला हवं होतं ते मीच, आणि त्याला ते कळलेलं नाही हे मला त्या रविवारीच माहीत होतं.

मग त्याने माझ्यापुढे फॉर्म सरकवला. नवी जागा हवी तर सही करायची. खाली एक ओळ होती. यादीत नसलेल्या कोणाही व्यक्तीचा तळमजल्यावर व्यवसाय नव्हता, असं मी माझ्या माहितीप्रमाणे सांगतो. मी ती दोनदा वाचली. "सगळ्यांनी केलीय सही," तो हळूच म्हणाला. खरंच केली होती. टायपिंगवाल्याची सही सगळ्यात वर होती. त्याने वर्षानुवर्षं तिची भाजी खाल्ली होती.

मला जागा कशाला हवी होती? आता बोर्ड कोणी रंगवून घेत नाही. तरी मी सही केली. माझ्या चांगल्या अक्षरात, पूर्ण नाव.

बाहेर आक्का उन्हात उभी होती. दारावरच्या माणसाने दिलेली खुर्ची तिने घेतली नव्हती.

"काय म्हणालो तो?"

"बघतंय म्हणालो."

तिने मान डोलावली. "तेका आठवण असा म्हणजे." स्टँडवर जाताना ती चार मजल्यांच्या इमारतीत जिना कुठल्या बाजूला येईल ते विचारत होती. परवा भावोजींचा फोन आला. आक्काने माळ्यावरून मोठी टोपं उतरवली आहेत आणि ती विहिरीवर बसून घासतेय, तिला नेमकं कधीपासून यायचं आहे ते विचारायला सांगितलंय. मी म्हटलं, लवकरच कळवतो.